स्प्रिंग काढली तो रविवार

माह्या बायकोचं माहेर दुर्गचं, रेल्वेचं. सासरे यार्डात मालगाडीचे डबे तपासायचे, जन्म गेला चाकांखाली वाकून. अन् मी भिलाईच्या प्लांटात मेंटेनन्सवाला. मशीनमधलं मले कोणी शिकवू नये, असा माहा ठाम समज. त्यात एका जुन्या गाडीचं येड लागलं, मंग काय विचारता!

गाडी उतईकडच्या एका मालगुजाराची, म्हणजे जुन्या जमीनदाराची. दोन दारांची, आठ सिलिंडरची अमेरिकन. बोनट एवढं लांब, की त्यावर पापड वाळू घालावे. बायकोनं एकदा खरंच घातले. कित्येक वर्षं धानाच्या कोठारात पडून होती, पुढून एका अंगानं बसली होती बिचारी. मी विकत घेऊन आमच्या मरोद्याच्या क्वार्टरमागं आणून उभी केली अन् खाली वाकून पाह्यलं, तर स्प्रिंग खचलेली, रबराचे बुश सडलेले. पुढचं सस्पेंशन सगळं उतरवल्याबिगर इलाज नव्हता.

आता ही स्प्रिंग म्हणजे सायकलच्या सीटखालची नव्हे. अंगठ्याएवढ्या जाड सळईची, चाकामागच्या दोन लोखंडी आर्मच्या मधात दाबून बसवलेली. चाक काढलं तरी ती दाबलेलीच राहते. अवचित सुटली तर बोटं घेऊन जाते. प्लांटात एका फिटरची गेलेली मी डोळ्यानं पाह्यली होती, अन् त्यानंतरची त्याच्या घरची दशाही पाह्यली होती. माहं पोट याच दोन हातांवर होतं. तरी घरचं काम म्हटलं की माणूस जरा मोकळा होतोच.

रविवारी सकाळी मी इटा गोळा करून आणल्या. बायको मागच्या दारात उभी.

"हे काय करून राहिले?"

"गाडी टेकवतो यावर. मंग खाली शिरतो."

"इटीवर? बाप्पा! डोस्कं ठिकाणावर आहे काय तुमचं? इट फुटली म्हणजे?"

मी म्हणलं, तू तुहा सैपाक पाह्य. तिनं सैपाक पाह्यला नाही. माहेरी निरोप धाडला, अन् दुपारपर्यंत रुळांखालच्या जुन्या लाकडी स्लीपरचे तुकडे रिक्षात भरून दारात हजर. माहा असा संताप झाला! अख्खी सकाळ वाया. पण जॅकनं उचलून गाडीची चौकट त्या लाकडांवर टेकवली अन् गाडी दोन्ही हातांनी हलवून पाह्यली, तर जागची हलेना. मनात म्हणलं बरं झालं.

मंग बाई जॅकपाशी पाट टाकून बसली.

"जॅक मी पाह्यतो. तुम्ही हात दाखवल्याबिगर सोडणार नाही."

हा तिच्या बाबांचा कायदा. यार्डात एवढा कलकलाट, की गाडीखालचा माणूस काय बोलला ते वरच्याले ऐकू येत नाही. म्हणून तोंडी जबाब चालत नसे. खालच्यानं दोन्ही हात बाहेर काढून दाखवायचे, ते दिसल्याशिवाय वरच्यानं कशाले शिवायचंसुद्धा नाही. तिच्या घरी पोरीबाळी पाटा-वरवंटासुद्धा असाच उचलत. मले हसू यायचं.

चाक काढलं, धक्के झेलणारा शॉकअब काढला. खालच्या आर्मखाली जॅक लावला. स्प्रिंगच्या वेढ्यांतून साखळी ओवून चौकटीले बांधली. आर्मच्या टोकाशी चाकाचा जोड असतो, त्याचा नट ढिला केला, पण पुरता काढला नाही, दोन-चार आट्यांवर ठेवला, म्हणजे जोड अवचित उखडला तरी नट धरून ठेवतो. मंग हातोडीनं ठोकठोक. जोड सुटेना. घामानं अंघोळ झाली. अन् दर खेपेले जॅक जरासा वरखाली करायचा म्हटलं की हिचं आपलं सुरू, "हात!"

शेवटी टण्णकन जोड सुटला. नट काढला. आता फक्त जॅक हळूहळू उतरवायचा होता. मी एका हातानं आर्म धरून, दुसऱ्यानं स्प्रिंगची बैठक चाचपत होतो.

"हात!"

"आहेत ना बाबा बाहेर! सोड तू!"

"मले दिसून नाही राहिले."

"अवं, किती डोकं खाशीन!" मी ओरडलो, अन् रागारागानं दोन्ही हात बाहेर काढून तिच्या नाकासमोर नाचवले. "हे घे! पाह्य! दोन आहेत की तीन?"

तिनं जॅकले हात लावलाच नव्हता. जॅकचं बूडच जमिनीत एका अंगानं खचलं. धाडकन आवाज झाला. आर्म घणासारखा खाली आपटला, स्प्रिंग उसळली अन् साखळीत अडकून तडफडत राहिली. गाडी स्लीपरवर होती तशीच होती. जिथं माहे हात होते तिथं आता लोखंडावर लोखंड होतं.

माहे हात अजून तिच्या नाकासमोरच होते. तिनं ते धरले, उलटेपालटे करून पाह्यले, अन् मंग मले अशा शिव्या घातल्या की शेजारचे लोक अंगणात आले. आभार मानायची आमच्यात रीत नाही, तरी त्या दिवशी मी मानले, सगळ्यांदेखत. ती म्हणे, "नौटंकी पुरे. साबण घ्या अन् हात धुवा."

गाडी पुढं चालली, अन् चांगली चालली. मंग पोरांच्या शिक्षणापायी विकलीही.

दोन वर्षं झाली, तिले लकवा मारून गेला. उजवा हात उचलत नाही. सकाळी तिची वेणी मी घालतो, तीन पेडांची, शाळेतल्या पोरीची घालतात तशी. आधी नीट जमत नव्हती, आता जमते. ती कुरकुरते, "नट कसून राहिले काय? हलक्या हातानं!" मी हौ म्हणतो, अन् दाही बोटांनी तिचा गुंता सोडवत बसतो.