नलिनीच्या घराला वास येतो

कांजूरमार्गच्या चाळीत होती तोवर नलिनी परबच्या सुक्या मासळीबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. चाळ पाडून टॉवर उभा राहिला, नलिनी सातव्या मजल्यावर गेली आणि माणसांना एकाएकी नाकं आली.

नवरा गेल्यावर सुकट-बोंबलांवरच तिनं घर ओढलेलं. पावसाळ्याची अगोटी, म्हणजे चार महिने पुरेल एवढी सुकी मासळी, अर्धी चाळ तिच्याकडूनच भरायची. आता तोच माल माळ्यावर आणि पलंगाखाली कोंबलेला.

समोरची लता सोसायटीच्या कमिटीवर. एक दिवस दारातूनच म्हणाली, "मासे आम्हीपण खातो गं. पण तुझा वास लिफ्टपर्यंत येतो. कमिटी धंदा बंद करायला सांगणार."

"माझ्या घराला वास? कायतरीच! आणि मागच्या कचऱ्याच्या डंपिंगचा वास चालतो तुम्हाला?"

"डंपिंगचा? कुठे येतो?" लतानं अगदी खरंच विचारलं.

शेवटी ठरलं, नलिनी मे महिन्यात गावी जाऊन आली की लतानं घर बघायचं आणि ती सांगेल तो निकाल.

गावी खाडीचा वारा खाऊन नलिनी परतली. दार उघडलं आणि उंबऱ्यातच थबकली. "अगो बाय, काय मेलां हा हंयसर? कसलो वास ह्यो?"

सोबत नात अपूर्वा होती, नर्सिंगला शिकणारी. तिला हसू आवरेना. "आजी, हा आपला रोजचाच वास. तोच तोच वास येत राहिला ना, की नाक आणि मेंदू त्याची दखलच घेत नाहीत. गॅस, धूर, असं नवं काही आलं तर चटकन कळावं म्हणून. तू लांब राहून आलीस, म्हणून आज कळला."

नलिनीला काही ते पटेना. खिडक्याही न उघडता तिनं चहा टाकला. गाळेस्तोवर वास गायब! बाहेर पॅसेजमध्ये जरा वेळ उभी राहून आत आली, तर हा पुन्हा हजर.

मग पदर खोचून तिनं माळा घासला, माल झाकणाच्या पिंपांत भरला. पण वास गेला की नाही, ते सांगणार कोण? स्वतःच्या नाकावरचा तिचा भरवसाच उडालेला.

लता आली ती नाकाला पदर लावूनच.

"आधी चहा घे. घर काय पळून जातंय?" नलिनीनं आलं किसलं, चहा मुरू दिला, गावच्या गोड खाज्याचा पुडा सोडला, लताच्या सुनेचा विषय काढला. लताचा पदर केव्हाच खाली आला होता. उठताना तिनं माळ्याकडे तोंड करून हुंगलं.

"नाही गं, काहीच येत नाही. सांगते कमिटीला."

लता तशीच कमिटीकडे निघाली. चष्मा विसरली म्हणून लिफ्टपासून परत आली आणि उंबऱ्यातच नाक मुरडून उभी राहिली.

"नलिनी!"

"बस जरा. जाईल," नलिनी कप विसळत म्हणाली.

लतानं कपाळावर हात मारला, मग हसली. चष्मा उचलून म्हणाली, "झाकणं चांगली घट्ट घे. तोवर कमिटीला मी सांभाळते. आणि पाव किलो कोळंबीचे सोडे दे. नीट बांध, नाहीतर माझ्या घराला वास लागायचा."

"लागला तरी तुला थोडाच कळणार आहे!"