सुई कुणाच्या हातात दिली

"शुगर अठ्ठावीस आहे. इन्सुलिन कुणी दिलं?"

कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांनी मान वर न करता विचारलं. समोर माझे वडील, आप्पा. वय चौऱ्याहत्तर. महिन्यापूर्वीपर्यंत मखमलाबादच्या मळ्यातून झेंडूचे क्रेट स्वतः टेम्पोत चढवत होते. आता घामाने चिंब, मला ओळखत नव्हते.

डॉक्टर म्हणाले, हायपोग्लायसेमिया. म्हणजे रक्तातली साखर धोक्याच्या पातळीपर्यंत खाली जाणं. मेंदूला साखर मिळाली नाही की माणूस आधी बरळतो, मग बेशुद्ध होतो.

इन्सुलिन नर्सने दिलं होतं. खुब्याचं ऑपरेशन झाल्यावर आम्ही ती घरी नर्स पुरवणाऱ्या एका ब्युरोकडून घेतली होती. आप्पांची इन्सुलिनची दोन पेनं. एक दिवसभर हळूहळू काम करणारं, दुसरं जेवणाआधीचं, झटकन साखर उतरवणारं. पहिल्याचे बावीस युनिट तिने दुसऱ्यातून दिले. वर आप्पांनी अर्धीच भाकरी खाल्लेली.

आयसीयूबाहेर ती मुलगी रडत उभी होती. विचारलं तेव्हा कळलं, ती बारावी झालेली, नर्सिंग शिकलेलीच नाही. कुणी विचारलं तर नर्स सांग, असं ब्युरोच्या मालकाने बजावलं होतं. त्याला फोन केला, तर म्हणाला, "ताई, वय झालंय त्यांचं. शुगर खाली-वर होणारच."

आयसीयूबाहेरच्या खुर्चीवर मी चार दिवस बसले. देवाचं नाव एकदाही घेतलं नाही. त्या मालकाला रस्त्यावर आणायचं, एवढंच घोकत होते.

आप्पा वाचले. पण नातीचं नाव घेताना अडखळू लागले.

यावेळी हॉस्पिटलने स्वतःची सिस्टर पाठवली. मूळच्या सुरगाण्याच्या, पन्नाशीच्या. आल्या आल्या आप्पांना हातही लावला नाही. आधी घरभर फिरल्या. बाथरूमसमोरचं सरकणारं पायपुसणं उचललं, पलंगाजवळ दिवा लावून घेतला. मग फ्रीजमधला डबा उघडला. दोन्ही पेनं शेजारी शेजारी.

"हा डबा कुणी भरला?"

"मी."

त्यांनी एका पेनाला लाल चिकटपट्टी लावून ते वेगळ्या डब्यात ठेवलं. रोज सुई देण्याआधी आप्पांना पूर्ण नाव विचारायच्या, शुगर तपासायच्या, पेनावरचं नाव मोठ्याने वाचायच्या आणि माझ्याकडूनही वाचून घ्यायच्या. आप्पा चिडायचे, "रोज काय नाव विचारता?" त्या म्हणायच्या, "माझी चूक व्हायला नको म्हणून, बाबा."

मी आरोग्य विभागाकडे तक्रार लिहायला घेतली, तेव्हा त्या पोरीचं नाव सर्वात वर टाकलं. सिस्टरने वाचलं.

"हिला नाही, पाठवणाऱ्याला धरा. आणि डबा तुम्ही भरला होता, तेही लिहा. खरं सगळं लिहिलं तर तो सुटणार नाही."

ते वाक्य लिहायला मला तीन दिवस लागले. लिहिलं. त्या मुलीनेही जबाब दिला.

नोटीस गेली तसा मालक घरी आला, पेढ्यांचा बॉक्स घेऊन. मधुमेह्याच्या घरी. म्हणाला, मिटवून टाकू, माझीही लेकरंबाळं आहेत. मी त्याला आप्पांसमोर बसवलं आणि आप्पांना विचारलं, तुमच्या नातीचं नाव काय? आप्पा छताकडे बघत राहिले. बराच वेळ. मालक खाली बघत होता. मी मुद्दाम घाई केली नाही.

चौकशीत त्याला एकाही नर्सचं नर्सिंग कौन्सिलकडचं रजिस्ट्रेशन दाखवता आलं नाही. ब्युरो बंद झाला. बोर्ड उतरवत होते तेव्हा मी स्कूटर थांबवून शेवटचा खिळा निघेपर्यंत बघितलं. क्षमा करावी म्हणतात. मला जमली नाही आणि त्याची लाजही वाटत नाही.

तुमच्या घरी कुणी सुई घेऊन आलं, तर आधी रजिस्ट्रेशन बघा. पेनावरचं नाव मोठ्याने वाचायला लावा. चांगली नर्स रागावणार नाही. आमच्या सिस्टर तर मी विचारायच्या आधीच कार्ड पुढे करायच्या. मी त्यांच्यापुढे रोज मनातल्या मनात हात जोडते.