काळा पडलेला छल्ला

मी वाचायला शिकलो तो पत्रकांवर. वडील कामगार संघटनेचे, घरात पत्रकांचे गठ्ठे पडलेले; ‘जाहीर निषेध’ हे शब्द मला स्वतःच्या आडनावाआधी लिहिता येऊ लागले. अशा माणसाने कुवेतला येऊन प्रयोगशाळेत लोकांचं रक्त तपासावं, यातच पुरेसा विनोद आहे. निषेधासाठी इथे मला एकच मैदान उरलं होतं : अब्बासियातल्या आमच्या इमारतीचा मराठी व्हॉट्सॲप ग्रुप.

गेल्या हिवाळ्यात, संक्रांतीनंतर, त्या ग्रुपवर एका छल्ल्याचा फोटो आला. छल्ला म्हणजे बायका साडीच्या कमरेला खोचतात तो चांदीचा दागिना, खाली किल्ल्या अडकवायची सोय असलेला. हा इथल्या मराठी मंडळाच्या सेक्रेटरींच्या बायकोचा, म्हणजे वहिनींचा, त्यांच्या आजीपासून चालत आलेला. वर मोर, खाली घुंगरांची रांग. फोटोखाली मजकूर : ‘घरातून चोरीला गेला आहे. कामवालीपासून सावध राहा.’

कामवाली म्हणजे अक्का. आंध्रची, आमच्या इमारतीतल्या बहुतेक मराठी घरांत धुणीभांडी करायची. वहिनींनी मोठ्या मनाने तिला पोलिसांत दिलं नाही, आणि या मोठेपणाचं ग्रुपवर फार कौतुक झालं. आठवड्याभरात अक्काला सगळी दारं बंद झाली. ती खालच्या मेसमध्ये चपात्या लाटायला लागली, आणि तिथेही मेसवाला गल्ल्याला कुलूप लावू लागला.

‘पुरावा काय?’ असा प्रश्न मी सविस्तर, चार परिच्छेदांत विचारला. उत्तरादाखल कुणीतरी वाढदिवसाच्या शुभेच्छा टाकल्या.

माझ्या खोलीतला दादा मालवणकडचा, शुवैखच्या एका गॅरेजमध्ये वेल्डर. एका गिऱ्हाइकाने टाकून दिलेला मेटल डिटेक्टर त्याने जोडून चालू केला आणि आमच्या शुक्रवारांची वाट लागली. सकाळी ओहोटीला किनाऱ्यावर जायचं, यंत्र किंचाळलं की उकरायचं. निघायचं काय? बाटल्यांची बुचं, कॅनच्या कड्या, एकदा आमटी वाढायचा अख्खा डाव.

“पुढाऱ्या,” दादा म्हणायचा, “तुझी क्रांती हयच खंय तरी पुरलेली आसतली. खण!”

एका शुक्रवारी, जिथे मंडळ दर संक्रांतीला हळदीकुंकू करतं त्या कट्ट्याखालच्या वाळूत, एक काळा गोळा निघाला.

“पट्ट्याचा बक्कल,” दादाने निकाल दिला.

पण दादाच्या खिशातल्या चुंबकाला तो चिकटेना. लोखंड असतं तर तांबडा गंज दिसला असता, पितळ हिरवं पडलं असतं. हा गोळा काळाकुळकुळीत होता. खोलीवर येऊन मेसमधून उकळतं पाणी आणलं, त्यात खायचा सोडा टाकला आणि गोळा ॲल्युमिनियमच्या फॉइलवर ठेवला. सडक्या अंड्यांचा वास सुटला. दादा नाक धरून खिडकीकडे पळाला. पाण्यातून पांढराशुभ्र मोर वर आला; गोळ्याचा जो अर्धा भाग बुडालाच नव्हता, तो काळाच राहिला. मोराखाली घुंगरं. सगळी लांबट, शेवटचं मात्र गोल, कुणीतरी नंतर बसवलेलं.

मी मोबाइलवर ग्रुपवरचा तो फोटो उघडला. सगळी लांबट, शेवटचं गोल.

मंडळाची बैठक शहरातल्या मिरकाब भागात, सेक्रेटरींच्या ऑफिसात होती. तिथे दादाला सोबत नेऊन मी छल्ला टेबलावर ठेवला. आयुष्यातलं सगळ्यात चांगलं भाषण मनात तयार होतं. पण मंडळात इतिहासाची आवड असलेले एक डॉक्टर आहेत. त्यांनी भिंग काढलं.

“किती काळा पडलाय पाहिलंत? शिवकालीन! आपली गलबतं इथवर येत होती, मी कधीपासून सांगतोय.”

समुद्राच्या गाळात चांदी काही महिन्यांत काळी पडते, हे सांगायला मी तोंड उघडेपर्यंत महाराष्ट्र दिनाला छल्ला मखमलीवर ठेवायचं ठरलंसुद्धा.

“आणि माहितीपत्रक तू लिही,” सेक्रेटरी मला म्हणाले. “तुझ्या घरातच आहे ते.”

वहिनी चहा देत होत्या. त्यांनी छल्ल्याकडे एकदाच पाहिलं आणि ट्रे टेकवायला जागा शोधू लागल्या. मी फोटो त्यांच्यासमोर धरला.

“तसाच दिसतो खरा,” त्या म्हणाल्या. “पण माझा घरातून गेला होता.”

आजीचा दागिना समोर पडलेला, आणि त्याला माझा म्हणण्यापेक्षा साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या कुणा बाईला देऊन टाकणं त्यांना सोपं वाटत होतं. इतका त्याग मी कुठल्याच पत्रकात वाचला नव्हता.

दादाने छल्ला उचलून खिशात टाकला. “तुमचो न्हय मां? मग माका गावलो, माझो. गावाक आवशीक धाडतंय.”

वहिनींचा हात आपोआप पुढे आला. “अहो, असं कसं? आजीचा आहे तो!”

खोलीतलं शिवकालीन वातावरण तिथेच संपलं.

संध्याकाळी ग्रुपवर आलं : ‘छल्ला सापडला. देवाची कृपा.’ खाली हात जोडलेल्यांची रांग लागली. अक्काचं नाव नाही. मी लिहिलं, ‘मग अक्का चोर नव्हती.’ अ‍ॅडमिनने, म्हणजे सेक्रेटरींनी, ते पुसलं. मी परत लिहिलं. त्यांनी मला ग्रुपमधून काढलं. मग दादा लिहू लागला, तेही मालवणीत, आणि मालवणीतल्या कुठल्या शब्दाला आक्षेप घ्यावा हे त्यांना कळेना.

पुढच्या शुक्रवारी दुपारी वहिनी मेसमध्ये उतरल्या. हातात बेसनाच्या लाडवांचा डबा. आम्ही पंधरावीस जण जेवत होतो.

“अक्का, ये लो. घर में बनाए हैं.”

अक्काने लाटणं बाजूला ठेवलं, डबा घेतला नाही. “पहले बोलो.”

“क्या बोलूँ? वो मिल गया. समंदर में था.”

“वो समंदर में था,” अक्का म्हणाली. “और मैं?”

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं, एखादा मसुदा मिळावा तसं. मसुदा होता माझ्याकडे, चार परिच्छेदांचा. मी भातावर आमटी घेतली.

“तुमने नहीं लिया था,” वहिनी म्हणाल्या. आवाज इतका बारीक की गल्ल्यावरच्या मेसवाल्याने मान पुढे काढली.

“उसको भी सुनाओ,” अक्का म्हणाली.

वहिनींनी पुन्हा सांगितलं, गल्ल्याकडे वळून, मोठ्याने. मग अक्काने पिठाचे हात पुसले आणि डबा घेतला.