पापनाशमपर्यंतचा डाव

त्या म्हाताऱ्या ग्रँडमास्टरच्या टेबलावर कुठला झेंडा ठेवायचा, हे आम्हा कोणालाच ठाऊक नव्हतं. ज्या देशाकडून तो जन्मभर बुद्धिबळ खेळला, तो देश थोड्याच वर्षांपूर्वी नकाशावरून गेला होता. जुना झेंडा ठेवला तर त्याला वाईट वाटेल, आणि नवा कसा दिसतो याची तंजावुरात कोणाला खात्री नव्हती. शेवटी मी त्यालाच विचारलं. त्याने खिशातून रुमाल काढला, घडी करून टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवला आणि म्हणाला, "हा माझा देश. सध्या त्याला सर्दी झालीय."

त्या काळात आमच्या गावात नव्या कंपन्या येत होत्या. रंगीत टीव्हीच्या अशाच एका कंपनीने नवं दुकान उघडलं आणि गावाने नाव घ्यावं म्हणून सामना ठरवला: परदेशातले चार वयस्क ग्रँडमास्टर एका बाजूला, आमच्या कावेरीकाठच्या चार मुली दुसऱ्या बाजूला. म्हातारे साठीच्या पुढचे, मुली विशीच्या आतल्या. चार दिवस खेळ, रोज प्रत्येक मुलीसमोर नवा म्हातारा. आडी महिन्यात आमच्याकडे लग्नं लावत नाहीत, त्यामुळे मंगल कार्यालय रिकामं होतं. जिथे नवरानवरीला झोपाळ्यावर बसवतात त्या मंचावर टेबलं मांडली. झोपाळा काढला होता, पण साखळ्या वरून लोंबत होत्या. पहिल्या दिवशी सगळे वहाणा दाराशी काढतात हे पाहून चौघा पाहुण्यांनीही बूट काढले आणि चारही दिवस ते मोज्यांवर खेळले.

मुलींच्या संघाचा कर्णधार मी होतो. मी खेळाडू बेताचाच, पण बँकेतून सुटल्यावर क्लब चालवायचो, म्हणून मला नेमलं. कर्णधाराने स्वतः खेळायचं नसतं. डावाबद्दल बोलायचीही त्याला बंदी असते. एकच गोष्ट चालते: समोरच्याने बरोबरी देऊ केली आणि खेळाडूने विचारलं, तर 'घे' किंवा 'नको' एवढं सांगायचं. आमच्या संघातली एक मुलगी माझ्या अक्काची लेक होती. तिच्याशी मी मराठीत बोललो तर पंचांना काय कळणार? म्हणून त्यांनी आधीच बजावलं होतं, "सार, टेबलाजवळ तुमची घरची भाषा नको. यस की नो, तेवढंच. तेही इंग्रजीत."

भाची पापनाशमची. लहानपणी सुट्टीत आमच्याकडे यायची, तेव्हा मीच तिला घोडा कसा चालतो ते शिकवलं होतं. बारा-तेराव्या वर्षी ती मला हरवू लागली, तरी डाव संपल्यावर विचारायची, "मामा, बरोबर खेळले ना?" मला ते आवडायचं. हे आज लिहिताना बरं वाटत नाही, पण आवडायचं.

पहिल्याच दिवशी कंपनीच्या मॅनेजरने माइकवर जाहीर केलं, की जी मुलगी एका तरी ग्रँडमास्टरला हरवेल तिला कंपनीच्या खर्चाने मद्रासच्या मोठ्या शिबिराला पाठवू. तिसरा दिवस संपेपर्यंत बाकी तिघींनी एकेक डाव जिंकला होता. माझी भाची तिन्ही डाव हरली होती. त्या संध्याकाळी ती माझ्याबरोबर रिक्षाने परतली. घरी बायकोने ताटात दोशे वाढले तेव्हा एवढंच म्हणाली, "मामी, उद्या तो सर्दीवाला आहे."

चौथ्या दिवशी तिच्याखेरीज सगळ्यांचे डाव संपले. आमचे आठ गुण झाले होते, त्यांचे सात. म्हणजे तिने नुसती बरोबरी केली तरी सामना आमचा. पण बरोबरीने तिचं मद्रास गेलं असतं. त्यासाठी तिला जिंकायलाच हवं होतं. हे तिला ठाऊक होतं आणि मलाही.

पटाकडे मी दुरून पाहत होतो. म्हाताऱ्याची तीन प्यादी तिच्या राजाच्या अंगावर आली होती. तिचा हत्ती त्याच्या गोटात खोल शिरला होता, तोही मला दिसला, पण मला वाटलं तो तिथे अडकून पडलाय. कोणाची बाजू वर आहे हे मला कळत नव्हतं, आणि आपल्याला कळत नाही हेही मी स्वतःशी मान्य करत नव्हतो.

तेवढ्यात म्हाताऱ्याने चाल केली, खुर्चीत मागे रेलला, आणि हात अर्धा पुढे केला. चेहऱ्यावर हसू. आमच्या देवळातले वयस्क गुरुक्कल तीर्थ देताना पोरांकडे बघून हसतात तसं. "ड्रॉ?"

तिने माझ्याकडे पाहिलं. "कॅप्टन?"

आमच्या घरात एक रीत होती. वडीलधाऱ्याने हातावर काही ठेवलं की नाही म्हणायचं नाही. नको असलं तरी घ्यायचं, डोळ्याला लावायचं. मला त्या हातात तेच दिसलं. एवढा मोठा माणूस, जगभर खेळलेला, आमच्या पोरीला आपणहून अर्धा गुण देतोय. ती हरण्याआधी देतोय. आणि मंचाच्या पायऱ्यांशी मॅनेजर हारांचं ताट घेऊन उभा होता, तेही खरं.

"यस," मी म्हणालो. "टेक."

ती क्षणभर तशीच बघत राहिली. मग तिने हात मिळवला. कार्यालय टाळ्यांनी दणाणलं. कोणीतरी नादस्वरमवाल्यांनाही बोलावून ठेवलं होतं, त्यांनी वाजवायला सुरुवात केली.

सत्कार झाला. मला शाल मिळाली. म्हाताऱ्यांना आणि मुलींना तंजावूरची मान डोलावणारी बाहुली दिली, टिचकी मारली की बराच वेळ हो-हो करत राहणारी. भाचीने तिच्या बाहुलीला टिचकी मारली आणि माझ्यापुढे धरली.

"मामा, हे बघा, तुम्ही."

बाकीच्या मुली हसल्या. मीही हसलो. ती हसत नव्हती.

जेवणाच्या पंगतीत म्हातारा माझ्या शेजारी येऊन बसला. केळीच्या पानावर रसम वाहत होतं, ते तो भाताच्या बांधाने अडवत होता. मी त्याचे आभार मानले. तुम्ही फार मोठ्या मनाने बरोबरी दिलीत, म्हणालो.

तो जेवायचा थांबला. "कॅप्टन, तू थट्टा करतोस का?"

"नाही, नाही."

"मी हरलो होतो. तिचा हत्ती माझ्या राजाला घरात कोंडून बसलेला, आणि तिचं कडेचं प्यादं मोकळं. माझी ती तीन प्यादी नुसता आवाज करत होती. मुलीला दिसत होतं. मला दिसत होतं. तुला दिसलं नाही?"

मी पानावरचं मीठ बोटाने सारत राहिलो.

"हरायला लागलो की मी असाच हात पुढे करतो," तो म्हणाला. "दान दिल्यासारखा चेहरा करून. फार वर्षांची सवय आहे. पुष्कळांनी घेतलंय. पण त्या मुलीने घेतलं नसतं. तिने तुझ्याकडे बघितलं म्हणून वाचलो."

आणि मग तो पुन्हा भाताचा बांध घालू लागला.

मी लगेच उठून मॅनेजरकडे गेलो, असं लिहायला मला आवडलं असतं. शाल अजून माझ्या खांद्यावर होती. मी पायसम संपवलं. दुसऱ्या आठवड्यात तिलाही पाठवा म्हणायला गेलो तेव्हा मॅनेजर म्हणाला, "सार, आपण जिंकलो ना? आता काय?" तिघी मद्रासला गेल्या. भाचीने कुंभकोणमला बी.कॉम.ला नाव घातलं.

पण त्याआधीची, सत्कारानंतरच्या सकाळची गोष्ट सांगायची आहे.

पाहुणे मद्रासच्या गाडीने निघाले. त्यांना निरोप द्यायचं काम माझ्याकडे होतं, आणि भाचीला पापनाशमला पोचवायचंही, कारण तीच गाडी तिथे थांबते. तेव्हा आमच्याकडे लहान रुळांची गाडी होती, सावकाश चालायची. भाची खिडकीशी बसली आणि बाहेर बघत राहिली. मी शब्द जुळवत होतो. जमत नव्हते.

समोरच्या बाकावरच्या म्हाताऱ्याने पिशवीतून छोटा चुंबकी पट काढला. काल थांबलेली स्थिती एकेक सोंगटी ठेवून मांडली. पट तिच्या गुडघ्यांसमोर धरला.

"तुझं गाव किती लांब?"

"पाऊण तास. गाडी थांबली नाही तर."

"म्हणजे पुरे. तुझी चाल."

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. हत्ती उचलला.

दोन्ही बाजूंना नुकती लावलेली भातं होती, पाण्यात उभी. कालवे भरून वाहत होते. मी बाहेर बघायचं ठरवलं होतं, पण डोळे पटावरच येत होते. ती भराभर खेळत होती. म्हातारा कपाळाला हात लावून बसला होता आणि मधून मधून रुमालात शिंकत होता. तिचं कडेचं प्यादं एकेक घर पुढे सरकलं. आता मलासुद्धा दिसत होतं. काल मी कशावर हो म्हणालो होतो ते माझ्यासमोर, हातभर अंतरावर, चालत होतं.

पापनाशम जवळ आलं. ओळखीची नारळाची झाडं दिसू लागली. आजूबाजूचे लोक सामान खाली घेऊ लागले. म्हातारा मागे रेलला आणि हात अर्धा पुढे केला. तोच चेहरा. तेच हसू.

"तुझं गाव आलं. ड्रॉ?"

ती मान वर करेल, माझ्याकडे बघेल, आणि या वेळी मी 'नको' म्हणेन, असं मी तयार होऊन बसलो होतो. ओठांवर शब्द होता.

तिने मान वर केली नाही.

"नो, सर," ती म्हणाली आणि राजा पुढे घातला.

म्हातारा पटावर वाकला. फार वेळ नाही. मग त्याने आपला उंट तिरपा नेऊन ठेवला, आणि मला काही कळायच्या आत ती "अय्यो!" म्हणून स्वतःच्या कपाळावर मारून घेत होती. राजा नको त्या घरात गेला होता. आणखी एक शह, मग तिचा हत्ती गेला. गाडी थांबत होती तेव्हा तिने आपला राजा आडवा केला.

"घाई केलीस," म्हातारा म्हणाला. "एक चाल आधीपर्यंत तू जिंकत होतीस."

"माहीत आहे," ती म्हणाली. आणि हसली. पाच दिवसांत पहिल्यांदाच. पिशवीतून तिने मान डोलावणारी बाहुली काढली आणि त्याला देऊ लागली. तो म्हणाला, मला एक मिळालीय. ती म्हणाली, "हीसुद्धा ठेवा. आमच्या घरी आधीच एक आहे."

आम्ही उतरलो. गाडी हलली. खिडकीतून रुमाल फडकला, मग शिंक ऐकू आली.

फलाटावर मी तिची पिशवी घेतली. आता बोलायलाच हवं होतं. मी म्हणालो, "काल मी चुकलो गं. पटच कळला नाही मला. तू जिंकली असतीस."

"आज हरले की, मामा."

"आजचं वेगळं. घाई होती. काल वेळ होता तुला."

"असेल." ती जिन्याकडे चालू लागली. तिच्या चालीत राग नव्हता, आणि तेच मला जास्त लागलं. दोन-तीन पायऱ्या चढून ती वळली.

"काल हरले असते ना, तरी चाललं असतं मला," ती म्हणाली. "आजच्यासारखं."

वरती अक्का आली होती न्यायला. "काय गं, जिंकलीस म्हणे?" तिने लांबूनच विचारलं. भाची म्हणाली, "ते काल. आज हरले." आणि आईच्या हातातली छत्री घेऊन पुढे निघाली. डाव संपल्यावर ती नेहमी विचारायची तो प्रश्न त्या दिवशी तिने विचारला नाही. पुढेही कधी नाही. मी अजून अधूनमधून त्याची वाट बघतो.