पायडलवरचा पाय

द्रुपदाकाकूचा उजवा पाय कधी स्वस्थ नसे. भजनाला बसली तरी हलायचा, राशनच्या रांगेतही हलायचा. "पाय हाय का मशीन?" बायका हसत. "पायडलचा पाय हाय," ती म्हणे, "तुमच्यासारखा फुकटचा नाई."

चिखला गावच्या कॉलनीत ती आमची शेजारीण. मी चौथीत शाळा सोडलेली, कुणाशी फारसं न बोलणारी. तिनंच बोलावून मला शिलाई शिकवली. आधी सुईत धागा नसे, नुसता कागद. तो सरळ टोचला गेला की मगच कापड. माझं चाक सारखं उलटं फिरायचं. मग ती आपला पाय पायडलवर ठेवून म्हणे, "ठेव माह्या पायावर पाय." मोठ्या माणसाला पाय लावायचा! मी लावी आणि लगेच वाकून नमस्कार करी. पुन्हा लावी, पुन्हा वाके. शेवटी ती करवादली, "अवं, पाया पडत राहिली तर शिवशीन कधी?"

पायडल हा शब्द पायावरूनच आला, असं ती सगळ्यांना सांगे. ब्लाउज शिवायला टाकणाऱ्या शाळेच्या मॅडम एकदा म्हणाल्या, "काकू, तो इंग्रजीतून आला. त्याच्याही आधी दूरच्या एका जुन्या भाषेतून. तिथं पायाला तसंच काहीसं म्हणत. आपला 'पद' त्याच भाऊबंदांतला." काकूनं मशीन थांबवलं नाही. "म्हंजे तेच झालं ना बाई. पायाचंच."

गेल्या वर्षी साखरेच्या बिमारीत तिचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. भंडाऱ्याच्या दवाखान्यातून आली ती मांडी हलवतच. "गेलेला पाय अजून चालूनच राहिला वं. झोपू देत नाई." डाव्या पायानं शिवायला बसली. चाक उलटं फिरलं, धागा तुटला. पुन्हा तुटला. तिसऱ्यांदा तुटला तेव्हा तिनं कात्री माझ्यापुढे सरकवली. "ने हे मशीन तुह्या घरी. पायच नाई त पायडल कायचं?"

मी सुईतला धागा काढला, खाली कागद घातला. तिच्याजवळ स्टूल ओढून माझा पाय पायडलवर ठेवला.

"ठेवा," मी म्हटलं.

तिनं डावा पाय माझ्या पायावर ठेवला. चाक सुलटं फिरलं. तोच तिचा हात खाली आला, मला नमस्कार करायला.

मी तो धरला. "काकू, पाया पडत राहिल्या तर शिवाल कधी?"

कागद एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ टोचला गेला, तेव्हा तिनं तो उजेडाकडे धरून पाहिला.

"आन आता कापड," ती म्हणाली.