शनिवारचे ठिपके

खाडीकाठच्या मुरबे गावचा कुंदन नेमकं काय काम करतो, हे गावात कोणालाच धड सांगता येत नसे, आणि त्यात गावाची काही चूक नव्हती. तारापूर एमआयडीसीतल्या सहा माणसांच्या एका कारखान्यात तो भट्टी सांभाळायचा. लांब काचनळीत तांब्याचा पातळ पत्रा सारायचा, आतली हवा पंपाने ओढून घ्यायची, हजार अंशांपर्यंत तापवायचं आणि बेताबेताने मिथेन वायू सोडायचा. मग तांब्यावर कार्बनचा एकच थर धरतो, एका अणूइतका जाड. त्याला ग्राफीन म्हणतात. तो डोळ्यांना दिसत नाही. लेक न दिसणारी वस्तू बनवतो, असं आई काशीबाईने एकदा बाजारात सांगितलं, तर बायका पदर तोंडाला लावून हसल्या होत्या.

थर नीट धरला का, हे पाहायची युक्ती सोपी. पत्रा हॉटप्लेटवर ठेवायचा. थर असेल तिथे तांबं लखलखीत राहतं, भोक असेल तिथे हवा लागून लाल ठिपका उठतो. आणि दर शनिवारी ठिपके उठायचे.

कारखान्याची सुट्टी शुक्रवारी. कुंदन गुरुवारी संध्याकाळी घरी जायचा, शनिवारी सकाळी परतायचा. मालक मेहुलभाईंनी लगेच दोन आणि दोन चार केले. कुंदनच्या घरी बोंबील सुकवतात, तेच मीठ आणि तेल त्याच्या हातांवरून पत्र्यावर येतं. ते रागावले नाहीत, समजुतीने बोलले, आणि तेच वाईट. रागावलेल्या माणसाशी भांडता तरी येतं. असंच चाललं तर भट्टीवर दुसरा माणूस बसवावा लागेल, एवढं सांगून ते फोन घ्यायला बाहेर गेले.

आयटीआय झाल्यावर अकरा वर्षं इकडेतिकडे नटबोल्टचे पाने फिरवून मिळालेलं हे काम. कोणाला समजावता येत नसलं तरी कुंदनचा त्यावर जीव होता. त्याने आधी हात साबणाने चोळले. मग कपडे वेगळे ठेवले. मग मासे सोडले, म्हणजे मासेमारीवर जगणाऱ्या मांगेल्याच्या पोराने सोडण्यासारखं दुसरं काही उरलंच नाही. शेवटी कारखान्याजवळ सरावलीत खोली घेतली आणि घरी जाणंच बंद केलं. आईला खरं कारण कुठल्या तोंडाने सांगणार? कामाचा लोड आहे, म्हणाला.

सरावलीतले शुक्रवार सरता सरत नसत. शेजारच्या खोलीतले कामगार हिंदीत क्रिकेटवरून भांडत, हा डाळभात खाऊन भिंतीकडे तोंड करून पडे. घर रिक्षाच्या अंतरावर, आणि तरी त्याला घरची इतकी आठवण येई की रडू फुटे.

एवढं करूनही शनिवारी ठिपके उठलेच. चोरून जाऊन आलास ना, मेहुलभाई हसून विचारत. नाही म्हटलं तर कोणाला पटेना. पुढेपुढे त्याला स्वतःलाच वाटू लागलं, वास अंगातच मुरला असेल.

सात महिन्यांनी उन्नती नावाची नवी इंजिनीअर आली. तिने पहिल्याच आठवड्यात विचारलं, सुट्टीच्या दिवशी पंप चालू असतो का? नसायचा. नळीच्या तोंडाची रबरी रिंग तडकली होती, आणि शुक्रवारभर खाडीकडची दमट हवा आत झिरपत होती. तिने रिंग बदलली. पुढच्या शनिवारी पत्रा आरशासारखा निघाला. मेहुलभाईंनी पेढे मागवले. कुंदनची माफी मागायचं मात्र कोणालाच सुचलं नाही.

तो गुरुवारी, न कळवता, मुरब्याला गेला. घरी न येण्याचं खरं कारण, आणि वासाचा दोष नव्हता, हे दोन्ही त्याला आता आईला सांगायचं होतं. आजूबाजूला सगळीकडे बोंबील लटकत होते, त्याच्या घराचं अंगण तेवढं रिकामं. बोंबील वाळवायची बांबूची वलांडी उभीच नव्हती. आई जावेच्या अंगणात मजुरीने बोंबील लावून आली होती, आणि न्हाऊन, ओल्या केसांनी दारात बसली होती.

त्याने वलांडी कुठे गेली विचारलं.

"मोडली. पाच महिने झाले," ती म्हणाली. "तुज्या कारखान्यातला धर्मेश बोलला, वासानं तुजं काम बिघडतं. मग ठेवून काय करू? घर धुतलं, आणि त्याच्याकडंच निरोप दिला, का आता वास नाय, ये म्हणून. दर शुक्रवारी वाट बघतेय."

धर्मेश इथलं काम सोडून वापीच्या कारखान्यात लागल्याला चार-पाच महिने उलटले होते. निरोप कधी आलाच नव्हता.

"उशिरा सांगितलं वाटतं त्यानं," आई म्हणाली.

कुंदन तिच्याजवळ पायरीवर बसला.

"हां, आये," तो म्हणाला. "कालच सांगितलं. म्हणून तर आलो."