कॅमेऱ्यातली सई

गूढ अनुभवांच्या या सदरात लिहिणाऱ्यांच्या पंक्तीत येऊन बसण्याचा मला काहीएक अधिकार नाही. पन्नाशी उलटेपर्यंत पत्रांपलीकडे काही न लिहिलेल्या बाईने हे धाडस करावे, याबद्दल आधीच क्षमा मागते. अशा गोष्टींवर माझा विश्वास कधीच नव्हता. आजही आहे असे म्हणवत नाही. जे घडले ते फक्त क्रमाने सांगते.

आम्ही अबूधाबीला, अल रीम आयलंडवरच्या एका टॉवरमध्ये एकविसाव्या मजल्यावर राहतो. गेल्या जुलैत ओळखीची बहुतेक कुटुंबे सुट्टीला भारतात गेली होती. आम्हाला रजा मिळाली नव्हती, आणि चौदाव्या मजल्यावरच्या अनघालाही नाही. तिच्या सासूबाई व्हिसा संपल्यामुळे पुण्याला परतल्या होत्या, नवरा साइटवर, आणि दोन वर्षांच्या लेकीला, इराला, सांभाळायला कोणी नव्हते. माझ्या सोळा वर्षांच्या सईने ते काम आपण होऊन मागून घेतले. मी काळजी बोलून दाखवली तर म्हणाली, "आई, रिलॅक्स. इट्स जस्ट अ समर जॉब."

काम सुरू होण्याच्या आदल्याच दिवशी तिने कमरेपर्यंतची वेणी कापून टाकली होती. त्यावरून मी दोन दिवस तिच्याशी अबोला धरला होता.

मी तिला एकच शिस्त घालून दिली – इरा जागी असताना फोन लांब, स्वयंपाकघरात ठेवायचा. हॉलमध्ये अनघाने कॅमेरा लावलेलाच होता. ऑफिसातून ती मधूनमधून पाहत असे.

दुसऱ्या आठवड्यातला मंगळवार. इरासाठी आदल्या रात्री शिवून पूर्ण केलेला पिवळा फ्रॉक मी सकाळी सईबरोबर पाठवला. दुपारी साडेबाराला मी ऑफिसात असताना अनघाने कॅमेऱ्यातला एक फोटो पाठवला. खाली लिहिले होते, "ताई, बघा तुमची लेक. माझ्यापेक्षा छान सांभाळते." पिवळ्या फ्रॉकमधली इरा गालिच्यावर, आणि शेजारी पाठमोरी बसून तिला थोपटणारी मुलगी. मला फार अभिमान वाटला. एक हार्ट पाठवून मी मीटिंगला गेले.

एक वाजता सईला फोन केला. उचलला नाही. पुन्हा केला... मग अनघाला विचारले. तिने कॅमेरा पाहून सांगितले, "आहे ना ताई, समोरच बसलीय. पिल्लूला झोपवतेय, म्हणून उचलत नसेल." मी निश्चिंत झाले.

त्या वेळी सई बाल्कनीत अडकलेली होती. इराचा ओला टॉवेल स्टँडवर टाकायला ती बाहेर गेली, एसीची हवा जाऊ नये म्हणून सरकते दार ओढून घेतले, आणि इराने आतून खटका दाबला. तेव्हा बारा वाजत आले होते. बाहेर शेहेचाळीस डिग्री. फोन स्वयंपाकघरात – मी ठेवायला सांगितला होता तिथे.

समोरच्या टॉवरमधल्या कोणीतरी सिक्युरिटीला कळवले. सव्वा वाजता त्यांनी फ्लॅट उघडला. इरा गाढ झोपलेली, अंगावर चादर, चारी बाजूंनी उशा लावलेल्या. घरात दुसरे कोणी नव्हते. सई काचेला टेकून बेशुद्ध पडली होती.

चार दिवस ती आयसीयूत होती. काचेच्या या बाजूला उभे राहून पाहण्यापलीकडे मला काही करता येत नव्हते. शुद्धीवर आल्यावर ती थांबत थांबत बोलली. "आई, आय केप्ट बँगिंग. आत कोणीच नव्हतं. पण इरा कोणाकडे तरी बघून हसत होती. दोनदा ती दाराकडे आली, खटक्याला हात लावला... आणि मागे वळली. लाइक समवन टुक हर हँड."

माझे यजमान इंजिनिअर आहेत. त्यांच्या मते कॅमेरा अडकला असेल, जुने चित्र दिसले असेल. परंतु तो फ्रॉक इराने त्या दिवशी पहिल्यांदाच घातला होता. फोटो अजून माझ्या फोनमध्ये आहे. त्यातल्या मुलीच्या पाठीवर कमरेपर्यंत वेणी आहे. वेणी कापली म्हणून पोटच्या मुलीशी न बोलणाऱ्या मला, त्या दुपारी फोटोतली ती वेणी दिसली नाही.

सई आता बरी आहे. काचेचे दार मात्र बंद करू देत नाही. अनघा त्या मुलीच्या नावाने रोज देवापाशी दिवा लावते. म्हणते, "तिनेच माझ्या लेकीला जपलं, ताई." मी मान हलवते.

तुम्हीच सांगा – जी कोणी होती, ती इराला सांभाळत होती, की सईपर्यंत कोणाला पोहोचू देत नव्हती?